पोटावरची पट्टी कमरेवर

माझ्या हातून वस्तू चुकीच्या जागी जाणं शक्यच नाही! शाळेच्या ग्रंथालयात मी बारा हजार पुस्तकं सांभाळते. डोळे मिटून हवं ते पुस्तक काढून देईन. चष्मा आपला उगीच गळ्यात असतो.

तर त्या सोमवारी मी माझी हार्मोनची पट्टी बदलत होते. पाळी थांबली तशी माझी झोप उडाली, अंगातून वाफा निघायला लागल्या, आणि डब्याचं झाकण लागलं नाही तरी डोळ्यांत पाणी! म्हणून डॉक्टरीणबाईंनी पोटावर, खालच्या बाजूला चिकटवायच्या या पट्ट्या दिल्या. आमच्या ह्यांना मी सांगितलंच नाही. सांगणार कुणाला? हे घराखालच्याच दुकानात घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लागलं की समोर बायको आहे की भिंत, पत्ता नसतो! रोज सकाळी एकच वाक्य, "अगं, पट्टी लाव." ती त्यांची कंबरदुखीची. हे एकेका पट्टीचे कात्रीने चार तुकडे करून ठेवतात, नेमके माझ्या पट्टीएवढे. त्यांचं आणि माझं, दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये.

"आवर की गं, दुकान उघडायचंय!"

"लावते हो! दोनच हात आहेत मला!"

एक त्यांच्या कमरेवर थापली, एक माझ्या पोटावर, आणि पळाले शाळेत.

अकरा वाजता पोट पेटलं! वाटलं, नेहमीचीच वाफ. पंख्याखाली उभी राहिले, चार ग्लास पाणी प्यायले. आग कमी होईना. शेवटी बाथरूममध्ये जाऊन चष्मा लावला. पोटावर कंबरदुखीचा तुकडा! म्हणजे माझी पट्टी... अगं बाई!

तुकडा ओरबाडून काढला आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"आधी त्यांना ती काढायला सांगा!" त्या ओरडल्याच.

लगेच ह्यांना फोन केला. "अहो, ऐका..."

"जेवलीस का गं?" हे म्हणाले. "काल पण तुला झोप नव्हती. दमली असशील."

सव्वीस वर्षं मी या एका प्रश्नासाठी आसुसले होते! आणि तो आला कशाने, तर माझ्याच पट्टीने! काढा म्हटलं तर ह्यांना मी पुन्हा भिंतच दिसणार. मन काही धजेना.

"संध्याकाळी बोलू," म्हटलं आणि फोन ठेवला. हो, ठेवला! हवं ते म्हणा मला.

संध्याकाळी घरी आले तर ह्यांनी चहा टाकलेला. मला रडूच फुटलं. "अहो, चुकलं माझं! ती पट्टी काढा आता!" म्हणत त्यांचा सदरा वर केला. कंबर कोरी!

"सकाळीच काढली," हे म्हणाले. "खाजली म्हणून बघितली, तर माझी नव्हे. ड्रॉवरमध्ये तुझं खोकं होतं, त्यातला कागद भिंग लावून दोन्ही बाजूंनी वाचला. घाम, झोप, चिडचिड, सगळं लिहिलंय त्यात. मला आपलं वाटायचं, तुला माझाच कंटाळा आलाय." मग कप पुढे सरकवत हळूच म्हणाले, "मला सांगायचंस की गं."

दुसऱ्या दिवशी आपणही चांगलं वागावं म्हणून त्यांच्या कंबरदुखीच्या पट्टीचा कागद वाचायला घेतला. चष्मा लावून. पहिलीच ओळ, "ही पट्टी पोटावर लावू नये."