कवळीकर अनुरक्त होतात

कवळी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा कवळीकरांनी डबी टेबलावर आपटली आणि लगेच घाबरून उघडून पाहिली. आत वरचे आणि खालचे दात एकमेकांवर झकास बसले होते आणि त्यांच्याकडे बघून हसत होते. रागावलेल्या माणसाकडे बघून कोणी हसलं की तो जास्तच भडकतो. मग ते दात त्याने स्वतःच्या हाताने का घडवलेले असेनात!

"काय म्हणणं आहे या वेळी?" त्यांनी विचारलं.

"नीट बसत नाही म्हणे," दारातल्या मॅडम म्हणाल्या.

"कुठे बसत नाही?"

"तोंडात. आणखी कुठे बसवतात कवळी? सोफ्यावर?"

या मॅडम दवाखान्याच्या काउंटरवर बसायच्या. पेशंटांना नंबर देणं, डॉक्टरांना धाक देणं आणि मागच्या खोलीत कवळ्या करणाऱ्या या गृहस्थांचं काम परत आणून देणं ही त्यांची कामं. गृहस्थांचं खरं आडनाव निराळंच होतं. पण उभा जन्म लोकांचे दात करण्यात गेला, तेव्हा दवाखान्यात सगळे त्यांना कवळीकरच म्हणत. लग्न करायचं राहून गेलं होतं. मॅडमही एकट्याच राहत, आणि त्याला कारण त्यांची जीभ आहे असं कवळीकरांचं ठाम मत होतं.

"अहो, बसत नाही म्हणजे पुढे टोचते की मागे हलते? काही तरी सांगाल की नाही?"

"दात तुम्ही करायचे आणि खोड मी शोधायची? मग पगारही मलाच द्या ना!"

कवळीकरांचा चेहरा लालबुंद झाला. छातीत शब्दांची अशी गर्दी उसळली की एकही बाहेर पडेना. हेच त्यांचं जन्माचं दुखणं होतं. राग आला की दातखीळ बसायची. लोकांच्या तोंडात बत्तीस दात बसवणारा हा माणूस भांडणात मात्र बोळका होता.

"अहो पण... हे म्हणजे... काय हे!" एवढंच ते म्हणाले.

"झालं भाषण?" म्हणून मॅडम निघून गेल्या.

संध्याकाळी डॉक्टर मागच्या खोलीत आले. ते स्वभावाने गरीब होते, मॅडमना घाबरायचे आणि कवळीकरांनाही. वाईट बातमी देताना ते भिंतीकडे बघून बोलत.

"कवळीकर, तो मोठ्या लॅबचा माणूस पुन्हा येऊन गेला. त्यांच्याकडे सगळं मशीनवर होतं. मी काही ठरवलेलं नाही हं. पण ही मुख्याध्यापिका बाईंची कवळी शनिवारीही बसली नाही, तर... म्हणजे... ही खोली एक्स-रेसाठी बरी पडेल."

कवळीकर घरी आले ते दात-ओठ खातच. कवळीतली खोट निघाली असती तर त्यांनी मान खाली घातली असती. पण कवळीत खोट नव्हती! साच्यावर ती नखासारखी बसत होती. हे सगळं कारस्थान त्या काउंटरवरचं होतं आणि ते सगळ्यांसमोर ठणकावून सांगायचं तर तोंडात शब्द नव्हते.

घरी बहीण आणि भाची असायच्या. भाची चहाच्या कपात डोकावून आईला म्हणत होती, "आई, हा चहा किती विवर्ण झालाय गं!"

"काय झालाय?"

"विवर्ण. फिकुटलेला. आमच्या बाई म्हणाल्या, माझी शब्दसंपत्ती वर्गात सगळ्यांत चांगली आहे."

"कशानं वाढली एवढी?" कवळीकरांनी चपला काढता काढता विचारलं.

भाचीने सोफ्यावरचं जाडजूड पुस्तक उचलून दाखवलं. काळं मुखपृष्ठ, त्यावर पांढराफटक तरुण, ओठांतून डोकावणारे दोन टोकदार दात. रक्तपिशाच्चाची प्रेमकथा होती.

"हे सुळे आहेत?" कवळीकर कडाडले. "सुळ्याच्या अलीकडचा दात लांब केलाय गाढवानं! या दातांनी त्याला पावसुद्धा तोडता यायचा नाही!"

"मामा, तू आतलं वाच ना. भाषा कसली भारी आहे!"

पुस्तकात आणखी किती चुका आहेत ते बघून संताप करून घ्यावा, म्हणून कवळीकरांनी ते उघडलं आणि जेवायला हाका मारल्या तरी मिटलं नाही. नायक तीनशे वर्षांचा होता आणि रक्तपेढीत कारकून होता.

"चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या!" ते ओरडले. "याला नोकरीवर ठेवला कोणी?"

"ओरडू नकोस रे मामा. ती रक्त द्यायला येते, तिथपर्यंत आलास का?"

तिथपर्यंत ते आले आणि थबकले. 'तिच्या शुभ्र ग्रीवेवरची निळसर शीर पाहताच तो अनुरक्त झाला. त्याचे सुळे शिवशिवले. आता तिच्यावाचून त्याला चैन पडणार नव्हते.'

अनुरक्त! कवळीकरांनी शब्द तोंडात घोळवला. अर्थ विचारायची गरजच नव्हती. त्यात रक्त होतं, समोर मान होती, सुळे शिवशिवत होते. अनुरक्त म्हणजे रक्ताला चटावलेला. पुढे नायिका 'आरक्त' झाली, म्हणजे तिच्या डोक्यात रक्त चढलं. आणि नायकाचा म्हातारा गुरू 'विरक्त' होऊन गुहेत पडून होता, म्हणजे त्याच्यात रक्ताचा थेंब उरला नव्हता. एकाच घावात तीन शब्द सापडले. आणि काय दणदणीत शब्द! साध्या शिवीने माणूस स्वतः हलका ठरतो. हे शब्द फेकले तर समोरचा आडवा होईल आणि फेकणारा विद्वान ठरेल.

"बघ," त्यांनी भाचीला समजावलं, "शब्दातला मूळ दाणा ओळखता आला की अर्थ आपोआप कळतो. कोश लागत नाही."

"हो का?" भाची म्हणाली. तिचं सगळं लक्ष नखांकडे होतं.

शनिवारी बाहेरची खोली भरलेली होती. इंजेक्शनने अर्धा गाल बधिर झालेला एक ड्रायव्हर, दाढ धरून बसलेली एक शिंपीण, आणि कोपऱ्यात, ज्यांच्यासाठी हे सगळं रामायण चाललं होतं त्या निवृत्त मुख्याध्यापिका. तोंडात दात नसल्यामुळे त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. आयुष्यभर शुद्ध भाषा शिकवलेल्या बाईला बोळक्या तोंडाने बोलायची शरम वाटायची.

कवळीकर डबी घेऊन बाहेर आले.

"आलात?" मॅडम काउंटरवरूनच म्हणाल्या. "आज तरी बसणार आहे का, की चौथी चक्कर?"

ड्रायव्हर अर्ध्या गालाने हसला. ते अर्धं हसू कवळीकरांना पुऱ्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. छातीत पुन्हा तीच गर्दी झाली. पण या वेळी पुढे तीन पहिलवान शब्द उभे होते.

"पुरे झालं!" ते गरजले. खोलीतली कण्हण्याची कुजबुज थांबली. "इतके दिवस गप्प बसलो. आज सगळ्यांच्या देखत सांगतो. मॅडम, मी तुमच्यावर अनुरक्त आहे!"

मॅडमच्या भुवया वर गेल्या. शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. पण कवळीकरांच्या मुठी आवळलेल्या होत्या आणि मानेची शीर तटतटली होती, त्यावरून अपमान मोठाच असणार हे उघड होतं. आणि भांडणात अर्थ विचारणाऱ्या त्या बाई नव्हत्या.

"अस्सं?" त्या उभ्या राहिल्या. "मी भिते की काय? मीही तुमच्यावर अनुरक्त आहे! तुमच्या दुप्पट!"

"मी पहिल्या दिवसापासून आहे!"

"मी तुम्हाला बघितल्या क्षणापासून आहे! डॉक्टरांना विचारा!"

डॉक्टर गडबडीने बाहेर आले होते. त्यांचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं होतं. "अहो, पेशंटांसमोर तरी अनुरक्त होऊ नका," ते काकुळतीने म्हणाले.

"बघा, बघा कशा आरक्त झाल्यात!" कवळीकरांना आता चेव चढला. "माझ्या वाटेला जाल तर पुरत्या विरक्त करून सोडीन!"

"तुम्ही कोण मला विरक्त करणार! माझ्या बापालाही जमलं नाही ते!"

कोपऱ्यातल्या मुख्याध्यापिका तोपर्यंत उठून उभ्या राहिल्या होत्या. आधी त्या थक्क झाल्या होत्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले होते, आणि आता मात्र त्या चिडल्या होत्या. भाषेचा असा खून डोळ्यांदेखत होताना त्यांच्याने बघवेना.

"अओ, अनुयक्त म्हंहे पेम! पेम!" त्या हात हलवत ओरडल्या.

"पेन!" डॉक्टर म्हणाले. "बाईंना पेन द्या कोणी तरी!"

शिंपिणीने पिशवीतून पेन काढून पुढे केलं. मुख्याध्यापिकांनी ते जमिनीवर भिरकावलं. "पेम ओ, पेम!" आणि त्यांनी छातीवर हात आपटला.

"अरे देवा, छातीत दुखतंय! खुर्ची आणा!"

आता मात्र मुख्याध्यापिकांच्या रागाचा कडेलोट झाला. त्यांनी कवळीकरांच्या हातातून डबी हिसकावली, खालची कवळी कोंबली, वरची कोंबली आणि कचकन दात-ओठ खाल्ले. 'टच्' असा आवाज झाला. मग, मागच्या बाकावरच्या कैक पिढ्यांची बोबडी वळवणारा तो आवाज खोलीत घुमला.

"मूर्खांनो! अनुरक्त म्हणजे प्रेमात पडलेला! आरक्त म्हणजे लाजून लाल झालेला! विरक्त म्हणजे संसाराचा त्याग केलेला, संन्यस्त! दोघांनी भरसभेत एकमेकांवरचं प्रेम जाहीर केलंत आणि वर एकमेकांना संन्यास द्यायला निघालात! कुठे शिकलात ही भाषा?"

इतका वेळ कवळीकरांना वाटत होतं की आपण मॅडमचे दात घशात घातले. आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

डॉक्टर मात्र भलतीकडेच बघत होते. "बाई," ते हळूच म्हणाले, "एकदा 'संन्यस्त' म्हणा बरं."

"संन्यस्त! त्याला काय होतंय?" बाई खेकसल्या आणि एकदम थांबल्या. त्यांनी जिभेने दात चाचपले. "अगंबाई. हलत नाहीये."

"आजवर तुम्ही ती कशी घालत होता?"

"अलगद. तुटेल म्हणून भीती वाटायची. ओठांनीच धरून ठेवायचे."

"म्हणजे तुम्ही दात कधी आवळलेच नाहीत?"

"कोणावर आवळणार? निवृत्त झाल्यापासून मला राग कुठे येतो?"

डॉक्टरांनी खिशातून मोठ्या लॅबच्या माणसाचं कार्ड काढलं, भिंतीकडे बघितलं आणि टोपलीत टाकलं. "कवळीकर, खोली तुमचीच. एक्स-रेचं नंतर बघू."

नोकरी वाचली होती, पण कवळीकर मान वर न करता मागच्या खोलीत गेले. घरी जाऊन त्यांनी भाचीवर तोफ डागली.

"अर्थ सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू विचारलास कुठे? तू तर मलाच मूळ दाणा शिकवत होतास," ती म्हणाली. "पण त्या मॅडम काय म्हणाल्या?"

"काही नाही!" कवळीकर ओरडले आणि पुस्तक फडताळाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर टाकून आले. शेवटची काही पानं राहिली होती म्हणून रविवारी स्टुलावर चढून त्यांनीच ते पुन्हा काढलं.

सोमवारी मॅडम नवा साचा घेऊन दारात उभ्या राहिल्या. चेहरा नेहमीइतकाच तापलेला होता.

"आख्खा दवाखाना दात काढतोय माझ्या नावानं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोललो ते सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं. चला बाहेर. आधी तुम्ही घ्या, मग मी घेते."

कवळीकर उठले नाहीत. त्यांचीही तळपायाची आग मस्तकात गेली. तीनदा निर्दोष कवळी परत आणणारी ही बाई आता शब्दही परत करायला आली होती!

"मी नाही परत घेणार!" ते ओरडले. दातखीळ बसली नव्हती याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "माझ्या हातचं उठसूट परत घ्यायला मी काही... जमणार नाही! काय करायचं ते करा!"

मॅडम बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी साचा टेबलावर आपटला.

"ठीक आहे! मग मीही घेत नाही परत! बसा!"

आणि दार धाडकन लावून त्या निघून गेल्या. कवळीकर रागारागाने साच्याकडे वळले. टेबलावर दातांची छटा जुळवायचा आरसा होता. त्यात त्यांना आपले कान दिसले. ते ज्या रंगाचे झाले होते त्याला काय म्हणतात, हे आता त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती.