फुलीआधीची मोकळी जागा

वास्तुशांतीची आमंत्रणं एकेकाला हाताने पाठवायची नाहीत, असं मी ठरवलं आणि तिथेच घोळ झाला. (कारखान्यात मी डिस्पॅच क्लार्क, पण दोन व्हिडिओ पाहून स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो होतो.) बोईसरच्या नव्या फ्लॅटमध्ये बसून मी माझीच पद्धत काढली. साधी फाइल, एका ओळीत एक पाहुणा: नाव, उभी रेघ, नंबर. ओळीच्या सुरुवातीला फुली असली, तर प्रोग्रॅमने तो माणूस सोडायचा.

"बाबांची ओळ पुसू नका हं," माझी बायको सपना म्हणाली. सासरे खंडेराव वर्षापूर्वी गेले. तेव्हापासून सासूबाई सरावलीच्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. आमच्याकडेही "नाय येत" म्हणाल्या होत्या. सपना त्यावरून रोज रडायची. मी बाबांच्या ओळीला फुली मारली आणि बटण दाबलं.

भरदुपारी लाइट गेली. पंखा थांबला, आणि फोन थरथरला.

बाबा: "येतो. पान वाढून ठेवा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. फाइल उघडली. फुलीच्या आधी एक मोकळी जागा राहिली होती! प्रोग्रॅमने सुरुवातीला फुली शोधली, सापडली नाही, आमंत्रण रवाना.

"अहो, त्यांचा फोन तर आईकडे कपाटात बंद पडलाय," सपना कुजबुजली.

स्क्रीनवर पुन्हा हालचाल. बाबा टाइप करत होते.

"जावईबापू, आधी ते फाटकं बनियन बदला."

मी खाली पाहिलं. पोटावर हे एवढं भोक! खिडक्या तर बंद होत्या. मी रामरक्षा सुरू केली. (अर्धीच येते.)

रविवारी पूजा आटोपली, पानं मांडली, आणि जिन्यात काठी वाजली. ठक. ठक. बाबांचीच, लोखंडी टोकाची.

"दार उघडा ना!"

"तूच उघड. तुझे वडील आहेत."

दारात सासूबाई. एका हातात काठी, दुसऱ्यात बाबांचा फोन.

"रोज चार्ज करते मी," त्या म्हणाल्या. "वर्षभर गप पडून होता. त्यांच्या नावानं बोलावणं आलं, नाय कसं म्हणू?"

सपनाने त्यांना मिठीच मारली. दोघी रडल्या. मीही रडलो, निम्मा सुटकेने.

"पण बनियनचं कसं कळलं?"

"तुमच्याकडं दुसरं कुठलं हाय?"

बाबांचं पान सासूबाईंच्या शेजारी वाढलं. मी हात धुऊन आलो, तर मला पानच नाही. आचाऱ्याने माझ्याच फाइलीवरून मोजून पानं केली होती, आणि मी सगळ्यांची ओळ लिहिली होती, फक्त माझी सोडून. वारलेले सासरे पंगतीत होते आणि जिवंत जावई स्वयंपाकघरात उभ्याने पातेलं खरवडत होता, तेही नव्या बनियनात.