अंगठा लावून बघू नका

धार लावायची म्हणजे ठिणग्या उडाल्या पाहिजेत, कर्रर्र आवाज झाला पाहिजे आणि शेजारच्या दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या पाहिजेत, एवढं हेमंतला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामुळे जव्हारच्या बाजारात अनीसभाईच्या दुकानापुढे उभा राहिल्यापासून त्याला काहीतरी काळंबेरं वाटत होतं. धारेचं चाक कोपऱ्यात गोणपाटाखाली झोपलं होतं. आणि अनीसभाई काचेच्या तुकड्यावर चॉकलेटी रंगाची एक चकचकीत फिल्म चिकटवून, तिच्यावर पाण्याचे थेंब टाकून, जामसरच्या देवळाची सुरी तिच्यावरून अशी फिरवत होता, जणू बाळाला तीट लावतोय.

"चाक बिघडलं का?" हेमंतनं विचारलं.

"चाक चांगलंय, हेमंतभाऊ. पण ही बघा ना! आमचा मेहुणा शहबाज भिवंडीच्या कारखान्यातनं आणतो. तिथे काचा गुळगुळीत करतात हिच्यावर. आता न्हाव्यांचे वस्तरेपण मी हिच्यावरच लावतो. हिच्यावरचा घासणारा दाणा इतका बारीक, की डोळ्याला दिसत नाही."

देव सोडला तर डोळ्याला न दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर हेमंतचा विश्वास नव्हता. त्यात आजचा दिवस साधा नव्हता. संध्याकाळी गावात दत्तजयंतीचं कीर्तन होतं आणि सूर्यमाळचे बुवा पहिल्यांदाच जामसरला येणार होते. त्यांच्यामागे मृदंग वाजवायचा, हे हेमंतचं मिसरूड फुटल्यापासूनचं स्वप्न. बुवा गोड माणूस, पण मृदंग चुकला की भर कीर्तनात हात जोडून म्हणत, "बाळा, तू आता ऐकायला बस." असे ऐकायला बसलेले लोक पुन्हा कधी वाजवायला उठले नव्हते. हेमंत सकाळपासून बोटांना तेल चोळत होता, आणि स्वयंपाकाची जबाबदारी घेतलेल्या गौराआत्यानं नेमकं आजच त्याला सुऱ्या-विळ्या घेऊन जव्हारला पिटाळलं होतं.

"कापेल का ही?" त्यानं विचारलं.

अनीसभाईनं सुरी स्वतःच्या मनगटाजवळ हलकेच फिरवली. केस गळून पडले. हेमंतनं वाकून पाहिलं. त्या हातावर आणखीही टकलं पडलेली होती. म्हणजे केस आधीच सैल करून ठेवतो हा, त्यानं ताडलं.

सुऱ्या-विळ्या कापडात गुंडाळून देताना अनीसभाई म्हणाला, "एक सांगतो. अंगठा लावून बघू नका. कुणालाच लावू देऊ नका."

इथे मात्र हेमंतची खात्रीच पटली. ज्याचं काम चोख आहे, तो कशाला बघू नका म्हणेल?

जीपमधून उतरला तो थेट देवळामागच्या मांडवात गेला. तिथे भोपळे, वांगी आणि वालाच्या शेंगांच्या राशीभोवती बायका बसल्या होत्या.

"आत्या, फसलो आपण. चाक फिरवायचा कंटाळा त्याला. कागदावर पुसून दिल्यात सुऱ्या."

"अनीस तसा नाय रं."

"मग अंगठा लावू नका असं का बोलला?"

बायकांच्या माना वर झाल्या. गौराबाईंनी डोळे बारीक केले. "अंगठा लावू नका? म्हणजे पोरगी बघाया यायचं, नि तिनं तोंडावरचा पदर काढायचा नाय! आण ती सुरी."

त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"कायच लागत नाय."

सुरी शेजारी बसलेल्या योगिताकडे गेली. तिलाही काही लागलं नाही. कमूनं विळी तपासली, तीही मुकीच. टाळ वाजवणारा ढवळू मदतीला आला होता. तो म्हणाला, "माझ्या अंगठ्याला तर गुदगुल्या पण नाय झाल्या." मग बाकीचे टाळकरीही आपापल्या अंगठ्याचा निकाल द्यायला पुढे सरसावले. हेमंतनं स्वतः हात लावला नाही. त्याची बोटं आज बुवांची होती. पण एवढे अंगठे एकमुखानं बोलल्यावर वेगळ्या पुराव्याची गरजच काय?

"बघितलंत?" असं म्हणून त्यानं ती सुरी उचलली आणि मृदंग मांडीवर घेतला. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमतो. मागच्या वेळची कणीक वाळून बसली की ती खरवडावी लागते, आणि त्यासाठी बोथट सुरीच हवी. बोथट सुरी तर आयतीच चालून आली होती.

त्यानं एकदाच खरवडलं. कणीक निघाली. तिच्याखालचं चामडंही आवाज न करता उघडलं, झोपेत कुणी तोंड उघडावं तसं.

हेमंतनं फाटलेल्या जागी तळवा दाबून धरला. तेवढ्यात योगिता म्हणाली, "आत्या, तुमच्या पदराला कुंकू लागलंय."

गौराबाईंनी पदर पाहिला. मग अंगठा पाहिला. मग मांडवात सगळ्यांनीच आपापले अंगठे पाहिले.

"अगं बाई गं! हळदीचा डबा आणा!"

हळद दाबून, चिंध्या बांधून होईपर्यंत हेमंत जव्हारच्या जीपला लोंबकळत निघालासुद्धा होता. दुकानात शिरला तोच ओरडत.

"अनीसभाई, सगळ्या गावाचे अंगठे गेले! माझा मृदंग गेला!"

"मी सांगितलं होतं ना?"

"तुम्ही सांगितलं म्हणूनच तर लावले!"

अनीसभाईनं कपाळाला हात लावला. चामडं चढवणारा कारागीर त्या दिवशी परगावी होता. मग अनीसभाई घरात गेला आणि ढोलक घेऊन आला. "अम्मीचा आहे. लग्नातल्या गाण्यांना वाजवते."

आतून अम्मीचा, म्हणजे नूरुन्निसाचाचींचा, आवाज आला, "देवाच्या कामाला चाललाय, तर पुसून दे रे नीट."

ढोलक इतक्या सहज मिळाला, की हेमंतला पुन्हा शंका आली. त्यानं दोन्ही बाजूंना कान लावला.

"चांगला आहे हो! आणि मीपण येतो बरोबर," अनीसभाई म्हणाला. "तुम्हाला एकट्याला सोडलं, तर ह्यालापण खरवडाल."

मांडवात भाजीची रास तशीच पडली होती आणि सुऱ्यांना हात लावायला कुणी धजत नव्हतं. शेवटी अनीसभाईच बसला. पाण्यात दगड बुडावा तशी सुरी भोपळ्यात बुडत होती.

"पाहुण्याला कामाला लावलं गं," कमू पुटपुटली.

"त्यानं आपल्याला हळद लावायला लावली, त्याचं काय?" गौराबाई म्हणाल्या आणि चहाचा पहिला कप त्यालाच दिला.

सूर्य कलला आणि बुवा उभे राहिले. ढोलक पाहून त्यांनी भुवई उंचावली. पण पहिल्या अभंगाला थाप पडली आणि तो ढोलक असा बोलू लागला, जणू माहेरी आलाय. देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला अनीसभाई मान डोलवत होता. बुवांच्या आवाजात गोडवा चढत गेला, दत्तजन्माला फुलं उधळली गेली, म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. ऐकायला बस, असं कुणी म्हटलं नाही. उलट आरतीनंतर बुवांनी हेमंतच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, पुढल्या वर्षीपण तूच."

हेमंतला ते ऐकून रडूच आलं.

मग बुवांनी टाळकऱ्यांकडे पाहिलं. मागच्या बायकांकडे पाहिलं. जिकडेतिकडे पिवळ्या चिंध्या बांधलेले अंगठे.

"हे काय व्रत आहे तुमच्या गावाचं?"

सगळ्यांनी अंगठे मुठीत लपवले. शेवटी हेमंतनं हात जोडून सगळं सांगितलं. बुवा पोट धरून हसले.

"अरे, कापलं आणि कळलं नाही, असं कधी होतं का? आण बघू ती सुरी."

हेमंतनं नाइलाजानं सुरी आणून दिली आणि म्हणाला, "अंगठा लावू नका, बुवा!"

"नको, बुवा!" सगळा मांडव ओरडला. अनीसभाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बुवांचं हसू थांबलं. त्यांनी हेमंतकडे पाहिलं, अनीसभाईकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"का नको?"

आणि त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला.

"छे! ही तर बोथट आहे."

 सगळं गाव बुवांच्या अंगठ्याकडे बघत राहिलं.

"बुवा," हेमंत अगदी हळू म्हणाला, "जरा थांबा."

गौराबाईंनी हळदीचा डबा उघडला.