डाव्या हाताचा मळ

हेडक्लार्कांच्या घरात जवळपास सगळी खाती बायकोकडे होती. बाजारहाट, दुरुस्त्या, पाहुण्यांशी गोड बोलणं, न हलणाऱ्या पाहुण्यांना हलवणं, सगळं तिच्याकडे. मोबाइलवरून होणारे व्यवहार कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे. हेडक्लार्कांकडे उरलं होतं एकच खातं: घट्ट बसलेली झाकणं उघडणं.

स्वयंपाकघरातून "अहो, जरा" अशी हाक आली की ते पेपरची नीट घडी घालत, बाही दुमडत आणि (झाकणालाही विचार करायला वेळ मिळावा म्हणून) सावकाश चालत जात. एक पीळ दिला की झाकण हातात. बरणी परत करताना ते न चुकता म्हणत, "हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ." उघडत उजव्याच हाताने, पण बोलायची पद्धत म्हणून ते चालून जाई.

एका रविवारी साखरेच्या बरणीसाठी हाक आली. या बरणीवर त्यांचा विशेष जीव. आत मुंग्या शिरतात म्हणून आदल्याच दिवशी त्यांनी स्वतः तिचा बंदोबस्त केला होता. त्यांनी पीळ दिला. झाकण हललं नाही. फडकं धरून दिला, गरम पाण्याखाली धरून दिला, शेवटी बरणी दाराच्या फटीत अडकवून दिला, तेव्हा दाराची कडी निघाली. (ती दुरुस्ती बायकोच्या खात्यात गेली.)

बायको म्हणाली, राहू दे, शेजारचा व्यायामवाला घरीच आहे, त्याच्याकडून उघडून आणते. इथेच हेडक्लार्कांनी तो छोटासा निर्णय घेतला. या बरणीला आपल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं जाहीर करून त्यांनी ती कपाटात शर्टांच्या मागे नेऊन ठेवली. त्यांना मनापासून भीती वाटली होती. होतं नव्हतं ते एक खातं शेजाऱ्याकडे गेलं, तर उद्यापासून या घरात आपण नुसते जेवायला येणारे.

मग सकाळी आंघोळीआधी आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दार लावून पिळणं सुरू झालं. बायकोने नवी साखर आणून स्टीलच्या डब्यात भरली. त्या डब्याकडे ते बघतही नसत, चहा मात्र गोडच पीत. थोड्याच दिवसांत कोपराचं बाहेरचं हाड ठणकायला लागलं. आधी चहाचा कप उचलताना, मग दार उघडताना, शेवटी ऑफिसात शिक्का मारताना.

ऑफिसात जो तो डॉक्टर. टायपिस्टबाईंच्या मते दोष माउसचा होता, कॅशियरच्या मते मोबाइलचा, तर शिपाईमामांच्या मते हात उशाला घेऊन झोपण्याचा. हेडक्लार्कांनी तिन्ही कारणं मान्य केली. घरी त्यांनी कामाचा ताण म्हणून सांगितलं. बायको डॉक्टरबाईंची वेळ घेऊन आली.

डॉक्टरबाईंनी बोटं दाबली, मनगट वाकवलं. "बोटांना मुंग्या येतात का?"

"नाही, त्यांचा मी बंदोबस्त केलाय," हेडक्लार्क म्हणाले.

डॉक्टरबाईंनी एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर करता येतात का, असं विचारलं.

"हात वर करण्यात यांचा हात कोणी धरणार नाही," बायको म्हणाली.

कोपराचं हाड दाबल्यावर मात्र हेडक्लार्क खुर्चीतून अर्धे उठले. हा टेनिस एल्बो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. हे नाव ऐकून त्यांची मान जरा ताठ झाली. पण टेनिसचा यात फारसा संबंध नसतो, असं त्या लगेच म्हणाल्या. हेडक्लार्कांनी माउस आणि मोबाइल पुढे करून बघितले. त्यावर त्या म्हणाल्या, माउसने बहुधा मनगट धरतं, मोबाइलने अंगठा, आणि हे दुखणं सारखं काहीतरी पिळल्याने होऊ शकतं. तुम्ही काही पिळता का?

"छे," हेडक्लार्क म्हणाले.

बायकोने शांतपणे पिशवीतून साखरेची बरणी काढली. शर्ट ठेवताना ती तिला सापडली होती. बरणी टेबलावर ठेवताना तिच्या तोंडून बारीक "स्स" निघालं आणि तिने हात बदलला. डॉक्टरबाईंनी ते हेरलं आणि तिचं कोपर दाबलं. तेच हाड, तेच दुखणं. कितीतरी महिन्यांपासून होतं.

"कशाने?"

"झाकणांनी," बायको म्हणाली.

"अगं, पण झाकणं तर मी उघडतो!"

बायकोने खिडकीबाहेर बघितलं. "आधी मी सैल करते. मग तुम्हाला हाक मारते."

"मग हाक कशाला मारतेस?"

"तुम्हाला बरं वाटतं म्हणून. ही मात्र मलाही सैल करता आली नाही."

हेडक्लार्कांना लाज वाटली, भरूनही आलं, आणि इतक्या वर्षांत आपण हिचा हात कधी नीट बघितलाच नाही, हे कळून फार वाईट वाटलं. डॉक्टरबाई तोवर बरणी फिरवून बघत होत्या. झाकणाच्या कडेने पिवळट, वाळलेली एक रेघ गेली होती. हे काय लावलंय, त्यांनी विचारलं.

"आतलं वायसर सारखं निघायचं. मुंग्या शिरायच्या. म्हणून चपला चिकटवायचं सोल्युशन लावलं," हेडक्लार्कांचा आवाज उतरत गेला, "आणि लगेच घट्ट लावून टाकलं."

डॉक्टरबाईंनी दोघांनाही पट्टे दिले. उजव्या हाताने पिळणं, घासणं, जड उचलणं दोघांनाही बंद. मग घरातलं करायचं कोणी, हा प्रश्न आला. यांचा डावा हात कसा आहे, डॉक्टरबाईंनी विचारलं. हेडक्लार्क तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, "उत्तम. सगळी कामं त्याच हाताचा मळ आहेत. ते स्वतःच सांगतात."

आता "अहो, जरा" ही हाक पूर्वीपेक्षा जास्त वेळा येते. हेडक्लार्क पेपरची जमेल तशी घडी घालतात, एका हाताने कशीबशी बाही सारतात आणि भांडी घासायला जातात. झाकणांचं खातं मुलीकडे गेलं. ती रबरी हातमोजा घालते आणि फोनवर बोलता बोलता उघडते.

साखरेची बरणी वरच्या फळीवर आहे, साखरेसकट. भांडी घासताना हेडक्लार्क तिच्याकडे बघतात. मुंग्यांची रांग भिंतीवरून चढते, झाकणाभोवती फिरते आणि आल्या वाटेने परत जाते. बंदोबस्त चोख झाला आहे, हे मान्य करणाऱ्या घरात तेवढ्याच.