प्रधानजींनी जोडे हातात घेतले

गुरुद्वारा समितीच्या नव्या प्रधानाला एका जागी बसवत नाही, अशी बचिंत कौरची तक्रार होती. जुना प्रधान निदान खुर्चीला चिकटून असायचा, त्यामुळे गुरुद्वाऱ्यातली कामं ज्याची त्याला करता यायची. हा नछत्तर सिंग लुधियान्याच्या शिबिरात तीन दिवस बसून आला, पुढाऱ्यानं आधी सेवक व्हावं असं ऐकून आला, आणि तेव्हापासून दिसेल त्याच्या हातातलं काम ओढून घेत सुटला होता.

गुरुपर्वाच्या सकाळी तो लंगरच्या स्वयंपाकघरात शिरला. तिथं बावीस वर्षं बचिंत कौरचा शब्द चालत होता. आज शेजारच्या गावची संगत, म्हणजे भाविक मंडळीही जेवायला येणार होती आणि तिच्याबरोबर बचिंत कौरची विहीण, जंगीर कौर. विहिणीच्या ताटात डाळ पडायला उशीर झाला, तर लेकीला सासरी वर्षभर ते ऐकावं लागलं असतं.

"बेबे, आज रोट्या मी लाटणार," नछत्तर सिंग म्हणाला.

तो बसला. एकानं पाट सरकवला, दुसऱ्यानं बाह्या दुमडल्या, तिसऱ्यानं त्याचा फोन धरला. उरलेल्या बाया "प्रधानजी, असू द्या, आम्ही कशाला आहोत" म्हणत भोवती उभ्या राहिल्या. त्याची एक रोटी झाली, तीही तिकोनी. तेवढ्यात तव्यावरच्या वीस करपल्या.

"नछत्तर, तुझ्या एका सेवेला सहा सेवेकरी लागतात," बचिंत कौर म्हणाली. "तुला अगदी हलकं काम हवंय ना? मग जा, फाटकावर जोडे सांभाळ. तिथं कुणी तुझ्या बाह्या दुमडणार नाही."

तिला फक्त त्याला तिथून घालवायचं होतं. त्याला मात्र ते मनापासून पटलं.

फाटकाजवळच्या खोलीच्या खिडकीत लोक जोडे द्यायचे, बिल्ला घ्यायचे आणि आत जायचे. आज खिडकीत खुद्द प्रधान बघून पहिलाच म्हातारा थबकला.

"तुमच्या हातात माझे जोडे? पाप लागेल मला."

"द्या हो बाबाजी, मी सेवक आहे."

"असाल. मी नाही देणार."

म्हाताऱ्यानं जोडे पाठीमागं लपवले. ते घालून आत जाता येईना आणि बाहेर टाकून जावं तर प्रधानाचा अपमान. म्हणून तो तिथंच उभा राहिला. मागचेही उभे राहिले. शेजारच्या गावच्या माणसांनी भरलेल्या दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या आणि रांग रस्त्यावर गेली. आत कीर्तन रिकाम्या सतरंज्यांना ऐकू जात होतं. संगत नाही म्हणून अरदासची प्रार्थना नाही, अरदास नाही म्हणून लंगर नाही. बचिंत कौरनं डाळीत दोनदा पाणी घातलं आणि तिसऱ्यांदा घालायची वेळ आल्यावर ओढणीला हात पुसत बाहेर आली.

गावचं गाव जोडे हातात धरून अनवाणी उभं होतं. विहीण भरतकामाच्या मोजड्या छातीशी धरून ताटकळत होती.

बचिंत कौर मागच्या दारानं खोलीत गेली. खुंटीवरचा खेस, जाड सुती चादर, ओढून तिनं नछत्तर सिंगच्या हातात दिला. "मळणीला भुसा उडतो तेव्हा बांधतोस तसा पगडीवरून घे. नुसते डोळे दिसू देत. आणि आता तू कुणी नाहीस, समजलं? बोलायचं नाही."

मग खिडकीतून डोकं काढून तिनं विचारलं, "इथं प्रधानजी दिसतायत का कुणाला? नाही ना? मग या पुढं."

रांग हलली. जोडे धपाधप येऊन पडू लागले. कोण घेतंय हे कुणी बघितलं नाही. नछत्तर सिंग एकेक जोडा पुसून फळीवर ठेवत होता. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला. चाळीस जोड झाले आणि जंगीर कौरचा नंबर आला.

"अरे ए, टाचेचा चिखल तसाच आहे. दिवसभर बसून असता, तरी हात चालत नाहीत तुमचे?"

त्यानं टाच पुन्हा पुसली.

"हळू. दोरा उसवशील. तुझ्यासारख्याला काय कळतंय म्हणा, किती नाजूक काम आहे."

त्याचा हात थांबला. त्यानं तोंडावरचा खेस खाली ओढला.

"भैणजी, मी इथला प्रधान आहे."

जंगीर कौरनं मोजड्या झडप घालून परत घेतल्या. मागच्यांनी पुढं केलेले हात आखडले. एवढ्यावर भागलं असतं, पण बातमी आत पोचली आणि आत गेलेले चाळीसजणही बिल्ले घेऊन आपापले जोडे सोडवायला बाहेर आले. स्वयंपाकघरात डाळीत डाव उभा राहायला लागला होता.

"बाईजी," विहीण बचिंत कौरला गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याकडे दुपारचं जेवण संध्याकाळी असतं का?"

बचिंत कौर खिडकीकडे वळली.

"नछत्तर," ती म्हणाली, "चाळीस जोड तू फार छान पुसलेस. तेवढा वेळ या गुरुद्वाऱ्याला बरा प्रधान मिळाला होता. तू तोंड उघडलंस आणि तो गेला."