लॅपटॉपावरील पाठमोऱ्या सीमोल्लंघनाची हकीकत

॥ श्री कुलस्वामिनी समर्थ ॥

जी विद्या देते तीच शस्त्रेही देते, तिचे चरण वंदून, आणि मागाहून खोटे सांगणारे पुष्कळ निघतात म्हणोन खरे आधीच लिहोन ठेवावे हा हेतू मनी धरून, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी व दशमी या काळी राज्यात जे वर्तमान जाले ते साद्यंत लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य लहान, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पश्चिमेस एक सज्जा; परंतु राज्याची थोरवी विस्तारावर नसते, तंट्यांवर असते, आणि तंट्यांस तेथे कधी तोटा पडिला नाही. राज्याचे धनी श्रीमंत अच्युतराव महाराज. पाटबंधारे खात्यात धरणे व पूल यांचे नकाशे तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त जाल्यावर नकाशे उरले नाहीत म्हणोन माणसे तपासू लागले. राणीसाहेब कुमुदिनीबाई. एक कन्या, शाल्मली राजकन्या. ती शिकोन दूर बेंगळुरास गेली आणि व्हिडिओ गेम रचणाऱ्या एका कारखान्यात चाकरीस राहिली. हे महाराजांस रुचले नाही. गतवर्षी दिवाळीत भर फराळाचे समयी महाराज बोलिले, "खेळ मांडून का कुणाचं पोट भरतं? उद्या सांगशील, बाबा, मी भातुकलीची मॅनेजर झाले!" त्यावर राजकन्येने चकलीचे ताट खाली ठेविले आणि दुसरे दिवशी कूच केले. तेव्हापासोन बापलेकीत बोलणे बंद. राजकन्या फोन करी तो राणीसाहेबांस करी आणि पुसे, "बाबांचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय?" महाराज शेजारीच बसलेले असत, ते भिंतीकडे पाहोन सांगत, "सांग तिला, ठीक आहे म्हणावं." येणेप्रमाणे दोन्ही दरबारांचा वकिलीव्यवहार राणीसाहेबांमार्फत चालिला.

मग आश्विनात राजकन्येचा निरोप आला की, "आई, या दसऱ्याला मी येत नाही. आमच्या नव्या खेळात नदीवर एक पूल आहे, तो मी बांधलाय. दसऱ्याला दिवेलागणीपर्यंत मी त्या पुलाच्या पलीकडे उभी राहीन. बाबांना यायचं असेल तर खेळात या म्हणावं. नाही आले, तर काय समजायचं ते मी समजेन. परत विचारणार नाही." राणीसाहेबांनी हे हुजूर सांगितले. महाराज बोलिले, "मला वेळ नाही," आणि वर्तमानपत्र उलटे धरून वाचू लागले. दुसरे दिवशी एकटेच बाजारात गेले आणि खेळास लागणारा उंची लॅपटॉप खरेदी करून आणिला. राणीसाहेबांनी पुसले, "हे कशाला?" उत्तर जाले, "बँकेच्या कामाला." येथे कोणी आक्षेप घेईल की बँकेच्या कामास लाल दिव्यांच्या कळा व गर्जणारा पंखा कशास पाहिजे, त्यास उत्तर ऐसे की राजकारणात खरे कारण पोटात आणि दुसरे ओठात ठेवणे ही जुनी वहिवाट आहे, ती महाराजांनी नवी काढिली नाही.

लॅपटॉप आला तो खंडेनवमीचे तोंडावर. त्या दिवशी शस्त्रे पूजावी आणि त्यांस दिवसभर काम लावू नये ऐसी राज्याची रीत. राणीसाहेबांनी पाट मांडोन विळी, सांडशी आणि महाराजांची जुनी मोजपट्टी ठेविली आणि मध्ये मखमली गादीवर लॅपटॉपास बैसविले. महाराज बोलिले, "मिटलेलाच राहू दे." राणीसाहेब बोलिल्या, "अहो, डोळे मिटलेल्या देवाची पूजा करतात का?" आणि झाकण उघडोन हळद वाहिली, कुंकू वाहिले, झेंडू वाहिला, आणि कुंकवात भिजविलेल्या अक्षता ऐशा मोकळ्या हाताने टाकिल्या की कळांच्या फटींतून निम्म्या आत उतरल्या. पूजा यथासांग जाली. पूजेत उणे काही राहिले नाही. जे जाले ते अधिक जाल्यामुळे जाले.

दशमीस प्रातःकाळी मोहीम सुरू जाली. राणीसाहेबांचे बंधू रघूत्तमराव सोने लुटावयास म्हणोन आले होते, त्यांस मसलतीत घेतले. प्रथम खेळाचे द्वारी परवलीचा शब्द मागितला. महाराजांनी आपल्या आजोबांचे नाव दिले. यंत्राने कळविले की शब्द कमकुवत आहे. महाराज संतापोन बोलिले, "माझे आजोबा कमकुवत? दोन वाघांच्या मधून चालत आले होते ते!" रघूत्तमराव बोलिले, "दाजी, वाघ राहू द्या, एक आकडा आणि एक उद्गारचिन्ह टाका." ते टाकिले आणि आजोबा बळकट ठरले. मग यंत्राने पुसले की तू मनुष्य आहेस काय, असशील तर चित्रांतील सायकली दाखीव. महाराजांनी दाखविल्या, परंतु एका चित्रात चाकाचा कोपरा तेवढा दिसत होता, तो सायकलीत धरावा की नाही यावर महाराजांनी दोन्ही पक्ष मांडिले, आणि निकाल होण्यापूर्वीच मुदत संपली. पुनः दाखविल्या. मग खेळाची रसद आकाशमार्गे वायफायवरून उतरू लागली. अर्धी उतरली आणि थांबली. दुपार टळली तरी हालेना. महाराजांस फितुरीचा संशय आला, आणि शोध घेता रघूत्तमराव सज्जात बैसोन मोबाइलवर क्रिकेट पाहताना दस्त जाले. महाराज गर्जले, "रघू! घरातलं नेट तू पितोयस आणि वर मला धीर देतोयस?" रघूत्तमराव बोलिले, "दाजी, शेवटच्या षटकाला माणूस फितूर होतोच." मोबाइल जप्त होवोन राणीसाहेबांचे डब्यात, शेवेखाली ठेविला गेला, आणि रसद धो धो उतरली.

खेळ उघडला. रान, नदी, वर आभाळ, आणि हाती काठी घेतलेला एक वीर, ते स्वतः महाराज. महाराजांनी माउस हलविला तो वीर आभाळ पाहू लागला; पुनः हलविला तो स्वतःचे पाय पाहू लागला. निंदक म्हणतील की स्वारीस माउस येईना. वास्तविक मुहूर्त व भूमी या दोहोंची परीक्षा चालली होती. इतक्यात लॅपटॉप तापला, पंखा घरघरला, आणि पडदा काळा जाला. राणीसाहेब बोलिल्या, "अहो, शालू तिथं उभी असेल ना?" महाराजांनी बूड चाचपोन पाहिले आणि बोलिले, "गादी! मखमलीनं याचं नाक दाबलंय." गादी काढोन लाकडी पाट दिला, तेव्हा यंत्र श्वास घेऊन जागे जाले. सिंहासन काढिल्यावर राज्य चालू लागले ऐसे उदाहरण जुन्या इतिहासांतही विरळा. मग महाराजांनी पुढे जाण्याची कळ दाबिली. वीर हालेना. मागे हटण्याची दाबिली, हटला. रघूत्तमराव बोलिले, "दाजी, तुमचा माणूस फक्त माघार घेतो. मुळीच तुमच्यासारखा नाही हो!" राणीसाहेब वाकोन पाहतात तो पुढे जाण्याच्या कळेखाली कुंकवाची अक्षता वाळोन चिकटलेली. त्या बोलिल्या, "उत्तरपूजेआधी अक्षता काढू नयेत," आणि क्षणभर थांबोन बोलिल्या, "पण देवी आई आहे, समजून घेईल," आणि केसांतला आकडा काढोन अक्षता उकरू लागल्या. अक्षता निघाली नाही. कळ निघाली. निखळोन राणीसाहेबांचे हाती आली, आणि तिचे जागी बोट दाबिले, आकडा दाबिला, तरी वीर पुढे पाऊल टाकीना. पश्चिमेस उन्हे उतरली होती.

तेव्हा महाराज उठले नाहीत, ही गोष्ट बखरीत ठळक लिहावी. नदीकडे वीराची पाठ केली आणि बोलिले, "मागं जाता येतं ना? मग मागंच जायचं." पाठमोरे पुलावर चढले. थोडे जावे, वळोन पाहावे, पुनः पाठ करावी, ऐसा क्रम धरिला. मध्यावर येता महाराजांचे ध्यानी आले की पुलास कठडा नाही. "कठडा नाही! कुणी मंजूर केला हा नकाशा?" ऐसे ओरडोन कारभाऱ्याचे नाव शोधावयास वळले तो तोल गेला आणि स्वारी नदीत पडिली. खेळाने त्यांस पुनः अलीकडील तीरी आणोन ठेविले. हे सीमोल्लंघनापूर्वीचे तीर्थस्नान समजावे. रघूत्तमराव थट्टा विसरोन बोलिले, "दाजी, मी पाहतो. तुम्ही फक्त दाबा. डावीकडं... बस्स. आता सरळ मागं." राणीसाहेबांनी दिवा लावावयास काडेपेटी घेतली होती, ती न पेटविता तैशीच मुठीत धरिली, कारण दिवा लागला की दिवेलागण जाली.

पैलतीर लागला. तेथे एका आपट्याचे झाडाखाली पिवळ्या पोषाखाची एक आकृती उभी होती, परंतु महाराजांचे पडद्यावर ती नव्हती, मागे सोडिलेला पूल होता. आकृतीने पाहिले ते इतकेच की बाप आला आणि पाठ करून उभा राहिला. लॅपटॉपातून राजकन्येचा आवाज आला, "बाबा, इथवर येऊन पाठच दाखवायची होती, तर कशाला आलात?"

तंट्यात ज्यांस कधी उत्तर शोधावे लागले नाही ते महाराज गडबडले. "अगं पाठ नाही दाखवत... पुढं जायची कळ तुझ्या आईच्या हातात आहे!"

"म्हणजे?"

राणीसाहेब मध्ये बोलिल्या, "शालू, माझ्यामुळं झालं गं. खंडेनवमीची अक्षता अडकली, आणि कळच उपटून आली. हे सगळा पूल उलटे चालत आलेत."

राजकन्या बोलिली, "सगळा पूल?"

"एकदा बुडालो," महाराज बोलिले. "शाल्मली, पूल चांगला बांधलायस. भक्कम आहे. कठडा मात्र लाव."

"बाबा, कठडा लावला तर पडणार कोण? पडायची भीती आहे म्हणून तर खेळ आहे."

महाराजांनी या मुद्द्याचा विचार केला. प्रतिवाद केला नाही. राज्याच्या इतिहासात हा पहिलाच प्रसंग, म्हणोन तिथीसह नोंदिला आहे.

"आता वळता येतं का तुम्हाला?" राजकन्या बोलिली.

"वळता येतं," महाराज बोलिले, आणि वळले. राजकन्येने झाडाचे एक पान तोडोन वीराचे हाती दिले. "सोनं घ्या, बाबा. सोन्यासारखं राहा." महाराजांनी चष्मा काढोन पुसला आणि पडदा धूसर आहे ऐसा दोष लॅपटॉपास दिला. राणीसाहेबांनी काडी ओढिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाली. रघूत्तमरावांस मोबाइल शेवेसह परत मिळाला. निखळलेली कळ देवघरात आपट्याच्या पानांवर ठेविली आहे, आणि स्वारी दर रविवारी पाठमोरी निघोन पैलतीरी पोहोचते. कळ दुकानात बसवून मिळते, घेऊन जाऊ का, ऐसे रघूत्तमरावांनी एकवार पुसले, त्यावर महाराजांचे उत्तर जाले ते शब्दशः लिहितो: "राहू दे. सरळ चालत गेलो तर तिला कसं कळायचं, बाप आलाय ते?" इतकेच वर्तमान. लेखनसीमा.