गाडीची नाळ

"मानाचं कुंकू मी लावनार. मंग सायबाच्या बायकोला काय लावायचं ते लावू दे," सोनाबाईने पाटीत नारळ टाकत जाहीर केले आणि पनवेलच्या कोळीवाड्यात त्यावर वाद घालायची कुणाची छाती झाली नाही.

तिचा दयाराम रेल्वेच्या कारखान्यात होता. आपल्याच देशात बांधलेली विजेची नवी लोकल गाडी त्या दिवशी ठाण्याहून पहिल्यांदा निघणार होती, आणि तिच्या डब्यांत उभ्या उतारूंनी धरायच्या कड्या दयारामने बसवल्या होत्या. घरी मात्र तो एवढेच बोलला होता, "आये, आमी गाडी बांधतो." कोळ्याच्या घरात बांधतात ती होडी. आणि नव्या होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, घरच्या बाईने हळदकुंकू लावल्याशिवाय ती पाण्यात जात नाही. मग पोराच्या हातची गाडी तशीच कोरडी सोडायची?

सोनाबाई, तिचा नवरा काशिराम आणि शेजारची कमळाबाई असे तिघे एसटीने ठाण्याला पोचले. कमळाबाईला कुणी बोलावले नव्हते, पण दुसऱ्याचा मान पाहायला आणि जमल्यास त्यात खोट काढायला ती कुठेही जात असे.

गाडी फलाटावर उभी होती. नवा रंग, स्वच्छ काचा, ना धूर ना कोळसा. सोनाबाईचा ऊर भरून आला. तिने गाडीच्या अंगावरून हात फिरवला आणि पदराने डोळे पुसले. "माज्या दयाचं काम," ती शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाली. त्याने हात जोडले.

एवढ्यात एका टोकाला मोठे साहेब नारळ आणि गुलाबांचा हार घेऊन उभे राहिलेले दिसले. आत ड्रायव्हर बसला होता. काशिरामने जन्मभर तांडेलकी, म्हणजे होडी हाकायचे काम, केलेली. त्याने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अगं, सायब चुकला! तांडेल कुठं बसतो? मागं, सुकाणू धरून. हा तांडेल तिथं बसलाय, म्हंजी ती मागली बाजू. नाळ त्या टोकाला हाय!"

"बिचाऱ्याला सांगू का?"

"नको. चार लोकांत त्याची लाज जाईल. तू चल."

दुसऱ्या टोकाला गार्ड हिरवा बावटा घेऊन उभा होता. होडीच्या नाळेवर बावटा असतोच, त्यामुळे तो पाहून तर काशिरामची खात्रीच पटली. सोनाबाईने गाडीच्या तोंडाला हळदकुंकू फासले, भलामोठा झेंडूचा हार बांधला आणि नारळ फोडला. पाणी गार्डाच्या पँटवर उडाले.

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"तुमचंच भलं चाललंय, दादा. हलू नका."

शिट्टी झाली. टाळ्या वाजल्या. आणि गाडी सोनाबाईला पाठ दाखवून उलट्या दिशेने निघून गेली.

"अगो बाय! तुज्या पोराची होडी पाठमोरी गेली!" कमळाबाईच्या आवाजात दुःख होते, पण फार नव्हते. "पाठमोरी गेलेली होडी कवा भरून आलीय का?"

सोनाबाई मटकन फलाटावर बसली. दयाराम धावत आला.

"आये, दोन्हीकडं ड्रायवरची खोली असते!"

"दोन तांडेल?" काशिराम ओरडला. "एक म्हननार इकडं, दुसरा म्हननार तिकडं. होडी मधून चिरेल!"

"बा, एका येळेला एकच चालवतो."

"मंग दुसरा काय झोपतो? गप बस."

सोनाबाई काही ऐकेना. "पोराच्या कामाला माज्याच हातानं अपशकुन केला. बंदरावर आता कुनाला तोंड दाखवू?" ती खरोखरच रडत होती आणि आता कमळाबाईलाही धड मजा येईना. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

गाडी मुंबईला पोचून परत यायची वेळ झाली तशी गर्दी पुन्हा जमली. साहेब, त्यांची पत्नी, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, सगळे सज्ज. गाडी आली. खच्चून भरलेली आली. सर्वांत पुढे सोनाबाईचे कुंकू, सोनाबाईची हळद, सोनाबाईचा हार; आणि साहेबांचा नाजूक गुलाबांचा हार पार शेपटाला, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला.

"भरून आली!" सोनाबाई किंचाळली. "कमळे, बग, भरून आली!"

साहेब चक्रावून हाराकडे पाहत राहिले. "हे कुणी केलं?"

दयाराम खांबाआड झाला. फोटोग्राफर घाईत होता. "साहेब, इथंच उभे राहा. हार झकास आहे." साहेब उभे राहिले. सोनाबाई न विचारता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पोराला खांबामागून ओढून तिने मध्ये घेतले.

काशिराम साहेबांच्या कानाशी गेला आणि त्यांना कमीपणा वाटू नये अशा बेताने हळूच म्हणाला, "सायब, मनाला लावून घेऊ नका. पयल्या खेपंला नाळ ओळखू येत नाय. पुढची गाडी बांधाल तवा आमाला बोलवा."

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि फोटोत ते तसेच आले.